कोपरापासून मनगटापर्यंत

माझ्या नणंदेइतकी माणसांना जीव लावणारी बाई अख्ख्या मुंबईत शोधून सापडायची नाही. फक्त तिचं हे प्रेम माणसाच्या कोपरापासून मनगटापर्यंतच असतं. त्याच्या वर तुमचा चेहरा कसा आहे, खाली तुमच्या बोटात अंगठी आहे की नाही, तुम्ही काळे की गोरे, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. मला पहिल्यांदा घाटकोपरला, भटवाडीतल्या त्यांच्या घरी नेलं, तेव्हा होणारी सासू माझी साडी बघत होती, होणारा नवरा चोरून माझ्याकडे बघत होता, आणि ही बया सरळ माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझा हात हातात घेतला. मला भरूनच आलं. म्हटलं, चला, सासरी एक तरी मैत्रीण मिळाली. तर हिने माझा हात उलटा केला, कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दोनदा दाबून बघितलं आणि भावाला ओरडून सांगितलं, "दादा, हिलाच कर रे! काय झकास शीर आहे!" आमचं लग्न पत्रिकेवरून जुळलं असं सासूबाई आजही सगळ्यांना सांगतात. खरं कारण मला माहीत आहे.

ही माझी नणंद पीएचडी करत होती. म्हणजे मी त्या घरात आले तेव्हा करत होती, माझी मुलगी झाली तेव्हा करत होती आणि मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाही करतच होती. विषय रोगप्रतिकारशक्ती आणि संसर्गजन्य रोग, त्यातही टीबी. मी साकीनाक्याला बेअरिंगच्या एका युनिटमध्ये डिस्पॅच बघते. खोक्यावर लेबल बरोबर लागलं की माझं काम संपलं. त्यामुळे मला समजावून सांगताना तिच्या नाकी नऊ यायचे. शेवटी एकदा गवार मोडता मोडता तिने सांगितलं, त्यातलं मला कळलं ते एवढंच: आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या काहींना आठवण असते. एखाद्या जंतूशी एकदा मारामारी झाली की त्या त्याचं थोबाड विसरत नाहीत. ही त्या पेशी रक्तातून वेगळ्या काढते, त्यांना टीबीच्या जंतूचे मेलेले तुकडे दाखवते आणि त्या किती चवताळून उठतात ते मोजते. "म्हणजे पोलीस ठाण्यात ओळखपरेड करतात तशी?" मी विचारलं. तिने गवार बाजूला सारून ते वहीत टिपून घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात संस्थेतल्या भाषणात तिने माझं हे वाक्य स्वतःचं म्हणून खपवलं.

आजारी माणसांचं रक्त तिला इस्पितळातून मिळायचं. वानवा होती ती धडधाकट माणसांची. तुलना करायला, ज्यांना टीबी कधीच झाला नाही अशी माणसं हवीत ना! म्हणून दर शनिवारी ती कुणा ना कुणाला पटवून आपल्या संस्थेत घेऊन जायची. तिथे एक डॉक्टर बाई फॉर्म भरून घ्यायच्या, नर्स रक्त काढायची, नळीवर नुसता नंबर पडायचा, तोही ओळीने नाही, आणि कुठला नंबर कुणाचा याची वही हिच्या गाईड मॅडमच्या कपाटात कुलुपात जायची. कुठली नळी कुणाची ते हिला कळता कामा नये, असा नियम. माझा नंबर कितवा ते मला आजही ठाऊक नाही. आमच्या मजल्यावरची सगळी माणसं, गणपती मंडळाची कार्यकारिणी, माझ्या माहेरचे मुलुंडचे दोन्ही काका, सगळे त्या वहीत आहेत. रक्त दिल्यावर एक फ्रूटी आणि एक बिस्किटाचा पुडा मिळायचा. मजल्यावरचे एक आजोबा तर त्या फ्रूटीसाठी दुसऱ्यांदा जायला तयार झाले होते, त्यांना आवरावं लागलं.

एकदा आम्ही दोघी मेट्रोने वर्सोव्याला मासे घ्यायला गेलो. मी सुरमईच्या भावावर हुज्जत घालतेय आणि ही त्या मासेवाल्या मावशीच्या कोयता धरलेल्या हाताकडे टक लावून बघतेय. "मावशी, तुमची शीर म्हणजे दोरखंड आहे नुसता!" मावशी म्हणाली, "अगो बाय, शीर काय बघतेस? सुरमई बघ, सकाळची हाय." मग हिने रक्ताचं सांगितलं. मावशी एवढ्यांदा हसली की शेजारची कोलंबीवाली उठून बघायला आली. "रगत पायजे? पहाटेपासून रगतच धुते हितं, ने की बादलीभर!" पण माझ्या नणंदेच्या चिकाटीपुढे कोयत्याचं काही चालत नाही. तिसऱ्या शनिवारी मावशी सगळे दागिने घालून संस्थेत हजर झाली, सोबत दोन शेजारणी, आणि नर्सबाईंसाठी सुके बोंबील. त्या दिवशी संस्थेच्या लिफ्टला जो वास लागला तो म्हणे सोमवारपर्यंत टिकला.

तिच्या लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ आलं होतं. मुलगा बोरिवलीचा, चांगला इंजिनीअर, लाजाळू. घरात बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर ही म्हणाली, "दुसऱ्यांदा आपण बाहेर भेटू या का? शनिवारी?" मुलगा खूश. वांद्र्याला एखाद्या कॅफेत भेटायचं असेल म्हणून तो नवा शर्ट घालून, सेंट मारून निघाला. हिने त्याला नेलं ते थेट रक्त काढायच्या खोलीत. त्या शनिवारी दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे नळी त्याचीच हे काही लपलं नाही. तो बिचारा मुकाट्याने बाही वर करून बसला, सुई बघून पांढराफटक पडला, पण शब्द मागे घेतला नाही. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला की आमचा योग दिसत नाही. सासूबाई डोळे पुसत होत्या. ही मात्र आनंदाने म्हणाली, "मुलगा गेला तर गेला, वहिनी, पण पेशी काय निघाल्या म्हणून सांगू! आतापर्यंत माझ्या ताटल्यांत ज्या आल्या त्यांतल्या सगळ्यांत तगड्या!" मी म्हटलं, "अगं भवाने, मग त्या पेशींशीच लग्न कर."

आणि खरं सांगायचं तर तिचं लग्न त्या पेशींशी लागलंच होतं. त्या पेशी एका उबदार कपाटात वाढायच्या आणि त्यांना ठरलेल्या वेळी नवं खाणं घालावं लागायचं. दिवाळी असो, दसरा असो, "माझ्या पेशी उपाशी आहेत" म्हणून ही निघाली. एका गणेश चतुर्थीला अख्खं घर आरतीला उभं, हिच्या हातात झांजा, आणि आरती निम्म्यावर असताना हिने घड्याळ बघितलं, झांजा माझ्या नवऱ्याच्या हातात कोंबल्या आणि चपला घातल्या. सासूबाईंना वाटायचं की पेशी म्हणजे सशांसारखं काहीतरी असणार. त्यांनी तिच्या हातात दोन मोदक दिले, "त्येंका पण दी गो, सणाचा दिवस आसा" म्हणून. ही बाहेर पडता पडता म्हणाली, "आई, एवढ्या साखरेने मरतील गं त्या."

नातेवाइकांची तर तिने पार पंचाईत करून टाकली होती. "डॉक्टर होतेय" एवढं त्यांना कळलेलं. गावाहून कुणीही आलं की गुडघा, कंबर, ढेकर अशा तक्रारी तिच्यापुढे मांडायचं. ती म्हणायची, "मी ती डॉक्टर नाही हो काका." "मग कसली?" "मी पेशींवर काम करते." काका विचार करून म्हणायचे, "मग गुडघ्यात पेशी नसतात काय गो?" यावर ती मुकाट्याने काकांना गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची. आणि घरभर तिचे फॉर्म! संमतीपत्राचे जुने, चुकीचे छापलेले गठ्ठे ती घरी आणायची, आणि त्यांच्या पाठीवर आम्ही सामानाच्या याद्या करायचो. पुढच्या बाजूला 'आपल्याला पूर्वी कधी क्षयरोग झाला होता का?' आणि मागच्या बाजूला 'तूरडाळ, साबण, कढीपत्ता'. आमचा वाणी गोंधळून एकदा मला हळूच विचारता झाला, "वहिनी, घरी सगळे बरे आहेत ना?"

जंतूंचा अभ्यास करून करून तिला सगळीकडे जंतू दिसायला लागले होते हे ओघानेच आलं. घरात आली की कोपरापर्यंत हात धुणार. चमचा गॅसच्या ज्योतीवर धरणार. कुणाचं उष्टं खाणं तर सोडाच, वाढदिवसाच्या केकवर कुणी फुंकर मारली तर तो केक तिच्या लेखी बाद. म्हणून आमच्याकडे मेणबत्ती एका वेगळ्या बटाटेवड्यात खोचतात, तो वडा ज्याचा वाढदिवस त्याने खायचा. नवऱ्याने एकदा तिच्या बाटलीला तोंड लावलं तर तिने बाटलीच कचऱ्यात टाकली. सासूबाई म्हणायच्या, "बापाशीवर गेली. दोघांव एका माळेचे मणी."

यात तथ्य होतं. माझे सासरे म्हणजे गिरणीत उमेदवारी केलेले, गिरणी बंद पडल्यावर शाळेत शिपाई म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांचा पेला वेगळा. स्टीलचा, काठाला चेपलेला, वर त्यांचं नाव कोरलेलं. त्यातून दुसऱ्या कुणी प्यायचं नाही, त्यांनी दुसऱ्याच्यातून प्यायचं नाही. जेवताना जरा बाजूला बसायचे, ताट स्वतः उचलायचे. माझ्या मुलीला लांबून हाका मारायचे, टाळ्या वाजवायचे, पण ती मांडीवर चढायला लागली की "आजीकडे जा, आजीकडे जा." मला सुरुवातीला राग यायचा. म्हटलं, केवढा हा शिष्टपणा! मग एकदा जुने फोटो बघताना नणंदच म्हणाली, "वहिनी, एक गंमत बघ. माझ्या एकाही फोटोत मी बाबांच्या मांडीवर नाहीये. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा ते बघ, कुठे उभे आहेत, पार खांबापाशी." हे तिने हसत सांगितलं. पण तो अल्बम तिने लगेच मिटला आणि पुन्हा दोनदा हात धुतले.

सासऱ्यांचं रक्तही तिला तीन वर्षं मिळालं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "माझा रगात जुना झाला." शेवटी तिला साठीच्या वरची माणसं मिळेनात, एकाच माणसासाठी काम अडलं, तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिली. नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं. ते आले. त्या शनिवारी त्यांच्याबरोबर मीही होते. रक्त देणारे आम्ही एकूण सहा जण होतो. फॉर्म भरायला सासऱ्यांनी अर्धा तास लावला. मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलायला झालाय.

त्यानंतर आमच्या घरात सतरा नंबर आला. म्हणजे त्या सहा नळ्यांतली एक. हिच्या सगळ्या धडधाकट माणसांच्या पेशींनी टीबीचे तुकडे बघून कमीजास्त कुरकुर केली होती, पण सतरा नंबरच्या पेशी अशा चवताळून उठल्या की मशीन बिघडलं की काय असं हिला वाटलं. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. हिची झोप उडाली. जेवताना विषय एकच. "मेल्या सतराने माझी वाट लावली! याच्या पेशी टीबीला अशा ओळखतात जसा काही जुना दुश्मन भेटलाय. आणि फॉर्मवर लिहिलंय की टीबी कधीच नाही!" मी म्हटलं, "टाक काढून त्याला." "काढता येत नाही ना! मॅडम म्हणतात, नळ्यांची अदलाबदल झाली असेल, रुग्णाची नळी यात आली असेल. मग त्या दिवसाच्या सहाही नळ्या बाद, आणि त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली तर बाकीच्या दिवसांचं तरी काय खरं? सगळं पहिल्यापासून करायचं, वहिनी. वर्ष जाईल." आणि वर्ष तिच्याकडे नव्हतं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळणार नव्हती. प्रबंध चार महिन्यांत दिला तर परदेशातली पुढची जागा, नाही दिला तर सात वर्षं पाण्यात. माझ्यासारख्या डिस्पॅचवालीला हे लगेच कळलं. एका खोक्यावर लेबल चुकलं की गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवतं, त्यात बाकीची खोकी चांगली असली तरी.

संस्थेतल्या डॉक्टर बाईंनी त्या दिवशीच्या सहाही जणांना फोन करून पुन्हा विचारलं, पूर्वी कधी टीबी झाला होता का, नीट आठवून सांगा. मलाही फोन आला. सासऱ्यांना आला तेव्हा ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. परत आले ते टीव्ही न लावताच बसून राहिले. संध्याकाळी नणंद म्हणाली, "सहाही जण नाही म्हणाले. म्हणजे चूक माझीच. माझ्याच हाताने नळी बदलली गेली." आणि ती बाई, जी मोडलेल्या लग्नाला हसली होती, ती आमटीभात तसाच ठेवून रडायला लागली. सासऱ्यांचा हात ताटावरच थांबला. मला तेव्हाही कळलं नाही. मी आपली तिला पाणी देत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी स्वयंपाकघरात खाली बसून सुकट निवडत होते. सासूबाई खाली भाजी आणायला गेलेल्या, बाकी कुणी घरात नाही. सासरे दारात येऊन उभे राहिले. ते स्वयंपाकघरात कधी येत नसत.

"सूनबाय, तो तिचो फॉर्म आसा काय एखादो? कोरो?"

"आहे की बाबा. यादी करायचीय का?"

"नाय. भरूचो आसा."

मी गठ्ठ्यातला एक काढून दिला. ते तिथेच पाटावर बसले, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून भरायला लागले. नाव, वय, पत्ता, सगळं शिपायाच्या त्या नीटनेटक्या अक्षरात. मग कागद माझ्यापुढे धरला. "वाच. शुद्धलेखन बघ." सहावा प्रश्न, पूर्वी क्षयरोग झाला होता का. 'होय'वर खूण. पुढच्या इवल्याशा जागेत लिहिलं होतं: 'गिरणीत लागलो तेव्हा. अठरा महिने औषध व इंजेक्शने घेतली. एकही दिवस चुकवला नाही. हे आधी लिहिले नाही व फोनवरही सांगितले नाही. चूक माझी आहे, मुलीची नाही.'

माझ्या हातातली सुकट हातातच राहिली. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तेव्हा सांगलंय असता तर माझ्या भयणीचा लगीन झाला नसता. मगे माझा झाला, तेव्हा कसा सांगतलंय? मगे पोरां झाली." त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "काल ती रडली ना गो." एवढंच म्हणून त्यांनी कागदाची घडी केली. "उद्या तिच्या डब्याच्या पिशवीत घाल. माझ्यासमोर वाचू नको म्हण." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. हातांना सुकटीचा वास होता, तरी मी पडले.

सोमवारी मी कामावर दांडी मारली. डबा ती दुपारी एकला उघडते. पावणेतीनला ती घरात होती. सात वर्षांत पहिल्यांदा दिवसाउजेडी. मला वाटलं, आता रडारड होणार. कसलं काय! तिने चपला काढल्या, हात न धुता (हे मी मुद्दाम सांगतेय, हात न धुता!) सासऱ्यांसमोर खुर्ची ओढली, वही उघडली आणि विचारलं, "बाबा, इंजेक्शनं किती महिने? वजन किती उतरलं होतं? थुंकीत रक्त यायचं का?" सासरे शाळकरी पोरासारखे उत्तरं देत होते. बाप-लेक सलग दोन तास बोलले. माझ्या लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलले नसतील एवढं त्या दुपारी बोलले. मध्ये ती त्यांच्यावर ओरडलीसुद्धा, "सतरा नंबरला मी किती शिव्या घातल्या, आणि तुम्ही समोर बसून कढी पीत होतात!" ते म्हणाले, "बऱ्योच घातलंस. मी मोजत हुतंय."

सासूबाई तोवर दारात येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

मग सासरेच म्हणाले, "म्हणान तुका कधी मांडयेर घेवक नाय. तुका लागात म्हणान."

नणंदेचं पेन थांबलं. "कधीपर्यंत?"

"कधीपर्यंत म्हणजे? अजून."

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता, "औषध पुरं झालं तेव्हाच ते संपलं. मी जन्मले त्याच्या कितीतरी आधी. तुमच्यापासून कुणालाच काही होणार नव्हतं. मला नाही, दादाला नाही, आईला नाही."

"माका कोणी सांगूक नाय," ते म्हणाले.

त्या पोरीने सात वर्षं टीबीवर काढली होती. मुंबईभर फिरून परक्या माणसांना हेच समजावून सांगितलं होतं. आणि जेवायला रोज समोर बसणाऱ्या या एका माणसाला सांगायचं राहून गेलं. हे तिच्या चेहऱ्यावर मला लख्ख दिसलं. सासऱ्यांच्या बाजूला त्यांचा तो चेपलेला पेला होता, त्यात अर्धा चहा, निवून साय धरलेला. तिने तो उचलला आणि तोंडाला लावला. चमचा ज्योतीवर धरणारी, केकवरच्या फुंकरीला भिणारी ही बाई, बापाचा उष्टा, गार चहा घोट घोट प्यायला लागली. सासऱ्यांचा हात तिला अडवायला पुढे आला आणि तसाच तिच्या डोक्यावर जाऊन बसला.

तेवढ्यात सासूबाई कडाडल्या. "चाळीस वर्सां! चाळीस वर्सां तो मेलो पेलो मी वेगळो घासतंय! आणि माका वाटला, ह्यांका माझो हात लागलेला चलणा नाय!" असं म्हणून त्यांनी लेकीच्या हातातून पेला हिसकून घेतला आणि तळाशी उरलेला चहा सायीसकट पिऊन टाकला. मग डोळे पुसले आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला, घासायला. सून ती शेवटी सूनच. पण खरं सांगते, तो पेला मी घरातल्या सगळ्या भांड्यांत मिसळून घासला आणि घासताना मोरीत उभी राहून मनसोक्त रडले.

सतरा नंबर मग सुटला. मॅडमनी डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं, नवा फॉर्म वहीत लागला, नळ्यांची अदलाबदल झालीच नव्हती हे सिद्ध झालं आणि बाकीचे पाच जण शाबूत राहिले. सासऱ्यांना धडधाकटांतून काढून टाकलं; पण इतक्या वर्षांनीही पेशी इतकं लक्षात ठेवतात म्हणून त्यांना प्रबंधात एक स्वतंत्र पान मिळालं. नावाशिवाय, नुसता नंबर. शेवटच्या तोंडी परीक्षेला ते इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. पडद्यावर सतरा नंबरचा आलेख आला तेव्हा त्यांनी शेजारच्या प्राध्यापकांना कोपराने ढोसलं. डॉक्टर बाईंनी गुप्ततेचा इतका जप केला होता, तो तिथेच संपला.

आता ती परदेशात असते, थंडी फार म्हणे. जाताना सासूबाईंनी बॅगेत मालवणी मसाला, कोकम, तिरफळं असं कोंबून भरलं होतं. हिने विमानतळावर जायच्या आधी किलोभर मसाला बाहेर काढला आणि त्या जागी बापाचा पेला कागदात गुंडाळून ठेवला. सासरे म्हणाले, "अगो, तो चेपलेलो आसा, नवो घे." ती म्हणाली, "तोच पाहिजे." तेव्हापासून सासरे हाताला येईल त्या पेल्यातून पितात. माझी मुलगी मांडीवर बसलेली असते, अर्धा चहा तीच संपवते. तरी कधी कधी चहा पुढे आला की ते क्षणभर पेल्यावर आपलं नाव शोधतात आणि मग आठवून गालातल्या गालात हसतात.

परवा रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे खिडकीत बर्फ, हातात तोच पेला, त्यातून कॉफीची वाफ. सगळ्यांशी बोलून झालं, फोन माझ्याकडे आला. इकडचं तिकडचं झालं, तरी फोन कुणी ठेवेना. दोघींनाही रडायचं नव्हतं. मग तीच म्हणाली, "वहिनी, इथल्या लोकांच्या शिरा सापडतच नाहीत गं. कोटाच्या आत काय दिसणार? जरा कॅमेरा खाली कर ना."

मी बाही कोपराच्या वर केली आणि तिला हवा तेवढा वेळ हात तसाच धरून ठेवला.